ट्रेलरमध्ये दिसलं काय, सांगितलं काय आणि आपण समजलो काय?

कळंबमधून बोलतोय. ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. मी जिथे अडखळलो आणि जिथे मागून उसाचा ट्रॅक्टर गेला, तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुम्हीच मागितलाय. बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, दीड मिनिटाच्या ट्रेलरमधून तू अर्धा तास बोलतोस, ते काढतोस कुठून?" प्रश्न चांगला आहे. पण उत्तर देण्याआधी एक कबुली द्यावी लागेल. एकदा मी असंच अर्धा तास बोललो होतो आणि त्याचे हप्ते माझ्या आतेभावानं भरले.

आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फोनवर एक नवीन फँटसी गेम येणार होता. चार-पाच जणांची टोळी, समोर राक्षस, एकदा आपली पाळी, एकदा त्यांची. म्हणजे टॅक्टिकल. नुसतं बटण बडवायचं नाही, डोकं लावायचं. मला असले गेम जीव की प्राण. गेमचं नाव सांगत नाही, कारण चूक गेमची नव्हती, माझी होती.

ट्रेलर होता एक मिनिट चाळीस सेकंदांचा. मी त्यावर भाग केला आणि ठोकून सांगितलं की मित्रांसोबत ऑनलाइन खेळता येणार, मराठी नाही तरी हिंदी असणार आणि दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळे हा गेम खेळत असणार. आवाजात एवढा विश्वास होता की आज तो भाग ऐकला की मलाच लाज वाटते.

माझा आतेभाऊ तेव्हा आयटीआय करत होता आणि सकाळी दूध संकलन केंद्रावर कामाला जायचा. माझा प्रत्येक भाग तो ऐकतो. त्याच्या जुन्या फोनवर हा गेम चालणार नाही, हेसुद्धा मीच त्याला सांगितलेलं. तो बारामतीला गेला आणि चोवीस हजारांचा फोन घेतला. महिना दोन हजार, बारा हप्ते. दिवाळी आली, गेम आला नाही. संक्रांत गेली, गेम आला नाही. भावानं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं आत्यानं, जेवायला वाढता वाढता. "काय रे बाळा, तुझ्या त्या खेळाचं काय झालं? ह्याचे हप्ते तर चालू झाले."

घास घशातच राहिला.

घरी येऊन मी तो ट्रेलर पुन्हा लावला. ऑनलाइन खेळता येईल असं त्यात कुठेही नव्हतं. दोन टोळ्या समोरासमोर दिसल्या, ते मी स्वतःच ठरवून टाकलेलं. भाषेबद्दल अक्षर नव्हतं. आणि दिवाळी? ॲप स्टोअरच्या पानावर 'अपेक्षित' म्हणून वर्षाच्या शेवटची तारीख होती. ३१ डिसेंबर. म्हणजे दिवाळीसुद्धा नाही. ती मी मनानं अलीकडे ओढली होती. आणि अशी ३१ डिसेंबर पुष्कळदा फक्त रकाना भरायचा म्हणून टाकलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी ट्रेलर वेगळ्या पद्धतीनं बघतो. तीच पद्धत आज सांगतो.

ट्रेलर तीन जातीचे

पहिली जात सिनेमॅटिक. हा ॲनिमेशनचा छोटा सिनेमाच असतो. गेममध्ये आपण जे बघणार, त्याच्याशी त्याचा संबंध फक्त गोष्टीपुरता. दुसरी जात इन-इंजिन. म्हणजे चित्र गेमच्याच इंजिनमधून आलंय, पण कॅमेरा कुणीतरी हवा तसा फिरवलाय आणि पात्रांना नाचवलंय. आपण खेळताना तसं दिसेलच असं नाही. तिसरी जात गेमप्ले. यात खेळताना जे दिसतं ते दाखवलेलं असतं. निदान असं सांगितलेलं तरी असतं.

सगळ्यात मोठी फसगत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये होते. २००५ सालच्या ई-थ्री प्रदर्शनात 'किलझोन २'चा ट्रेलर दाखवला, तेव्हा लोकांना वाटलं हा गेमप्लेच आहे. नंतर कळलं की ते आधी बनवून ठेवलेलं चित्रीकरण होतं. 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' २०१३ मध्ये आला तेव्हा ट्रेलर आणि हातात आलेला गेम यात इतका फरक होता की तक्रार ब्रिटनच्या जाहिरात नियामकापर्यंत गेली. शेवटी ट्रेलर प्रत्यक्ष गेमपेक्षा वेगळे असू शकतात, हे कंपनीला लिहावं लागलं.

आता टॅक्टिकल फँटसीकडे येऊ. या प्रकारातला अलीकडचा सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओनं बनवलेला. तो फोनवरचा नाही, पीसी आणि कन्सोलचा आहे. तरी ट्रेलर वाचायला शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण याचा जाहीर होण्यापासून बाजारात येण्यापर्यंतचा चार वर्षांचा सगळा प्रवास उघड्यावर झाला.

जून २०१९ मध्ये पहिला टीझर आला. एक सैनिक शहरात धडपडतोय, त्याच्या अंगात काहीतरी शिरलंय आणि बघता बघता त्याचा तोंडाला सोंडा असलेला राक्षस होतो. अंगावर काटा येतो. पण आता मला सांगा, या टीझरवरून लढाई पाळीपाळीनं आहे की धडाधड, हे कळतं का? टोळीत किती जण? कॅमेरा वरून की खांद्यामागून? काहीच कळत नाही. टीझरनं फक्त एवढं सांगितलं की गेम येतोय आणि गोष्ट साधारण अशी आहे. तेव्हा त्यावर अर्धा तास बोललेला माणूस पंचवीस मिनिटं स्वतःच्या मनातलं बोलत होता. म्हणजे माझ्यासारखा.

खरा गेमप्ले लोकांनी बघितला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. स्टुडिओचे प्रमुख स्वेन विंके यांनी प्रेक्षकांसमोर बसून लाइव्ह खेळून दाखवला. बग दिसले, पात्रं मेली, लोक हसले. मला विचाराल तर असला फजितीचा लाइव्ह डेमो शंभर चकचकीत ट्रेलरना भारी आहे. आमचे आजोबा बैल घ्यायला गेले की आधी दात बघायचे आणि मग त्याला चालवून बघायचे. शिंगांना रंग दिलेला बैल बाजारात सगळेच आणतात.

नजर कुठे ठेवायची?

टॅक्टिकल गेमचा गेमप्ले ट्रेलर लागला की राक्षस, आग, तलवारी बघूच नका. पहिल्यांदा बघायचं असेल तर खुशाल बघा, पण दुसऱ्यांदा नजर स्क्रीनच्या कडांवर न्या. खरी माहिती कडांवर असते.

वर पात्रांच्या चेहऱ्यांची रांग दिसतेय का? मग कुणाची पाळी कधी, हे ठरलेलं आहे. शत्रूवर बोट नेल्यावर टक्के दिसतात का? मग नेम लागणं नशिबावर आहे आणि ते नशीब गेम तुम्हाला आधी सांगतो. खाली कृती करायची चिन्हं किती? एका पाळीत एकच काम करता येतं की दोन-तीन? जमिनीवर चौकोन आखलेत की पात्रं मोकळी फिरतात? उंचावर चढलेलं पात्र मुद्दाम दाखवलंय का? मग उंचीला किंमत असणार.

पुढची युक्ती आमच्या पोरांना फार आवडते. सगळ्यात लांब न तुटलेला तुकडा शोधा. घड्याळ लावून मोजा. दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये दर दोन सेकंदांना दृश्य तुटत असेल तर तुम्हाला खेळ दिसत नाही, खेळाचे फोटो दिसतात. एकच लढाई सलग वीस-पंचवीस सेकंद दाखवली असेल, तर दाखवणाऱ्याला आपल्या खेळावर भरवसा आहे असं समजायला हरकत नाही.

फोनवर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.२५ करा. कॉम्प्युटर असेल तर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबा, एकेक फ्रेम पुढे जाते. स्वल्पविरामाचं दाबलं की मागे. आणि खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. 'काम चालू आहे, अंतिम स्वरूप वेगळं असू शकतं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य बहुतेक ठिकाणी असतं. ते शोभेला नसतं. 'सायबरपंक २०७७'चा ४८ मिनिटांचा डेमो ऑगस्ट २०१८ मध्ये लोकांसमोर आला, त्यात नायिका भिंतीवर चिकटून धावताना दिसते. डिसेंबर २०२० मध्ये गेम आला तेव्हा ती भिंतीवरची धाव त्यात नव्हती, मधल्या काळात काढून टाकली होती. डेमोवर मात्र पहिल्यापासून लिहिलेलं होतं की हे काम चालू आहे.

अपडेट वाचणं म्हणजे हिशोब करणं

ट्रेलरपेक्षा मला अपडेट वाचायला जास्त मजा येते. तिथे संगीत नसतं, स्लो मोशन नसतं, नुसता मजकूर असतो. म्हणून तिथे फसायला कमी होतं.

'बाल्डर्स गेट ३' ६ ऑक्टोबर २०२० ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला. म्हणजे अर्धवट गेम पैसे देऊन खेळायचा आणि बनवणाऱ्यांना चुका सांगायच्या. तेव्हा गोष्टीचा फक्त पहिला अंक होता, पात्रांचे ६ वर्ग होते आणि चौथ्या लेव्हलच्या पुढे जाता येत नव्हतं. मग एकेक अपडेट येत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ड्रुइड, ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉर्सरर, फेब्रुवारी २०२२ मध्ये बार्बेरियन, जुलै २०२२ मध्ये बार्ड, डिसेंबर २०२२ मध्ये पॅलडिन.

आता हिशोब करा. ६ होते, ५ आले, ११ झाले. हा गेम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आहे आणि त्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात वर्ग आहेत १२. राहिला कोण? मंक. म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये कुणी म्हणालं असतं की "काम संपत आलंय आणि आता मंक येणार", तर तो अंदाज हवेतला नव्हता. त्याच महिन्यात ऑगस्ट २०२३ ही वेळ जाहीर झाली. पुढे ३१ ऑगस्ट ही तारीख दिली आणि नंतर पीसीसाठी ती अलीकडे आणून ३ ऑगस्ट केली. पूर्ण गेममध्ये १२ वर्ग होते आणि मंक त्यात होता.

दुसरं उदाहरण जरा गणिताचं आहे, पण सोपं आहे. सुरुवातीला या गेममध्ये उंचावरून बाण मारला की 'ॲडव्हांटेज' मिळायचा. म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. नंतर हे बदललं आणि उंचीसाठी फक्त +२ मिळू लागले. वाचताना वाटतं, यात काय एवढं?

समजा नेम लागायला फाशावर ११ किंवा जास्त हवेत. सपाट जमिनीवर शक्यता ५० टक्के, कारण २० पैकी १० आकडे चालतात. दोनदा फासा टाकला तर दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे २५ टक्के. म्हणून नेम लागण्याची शक्यता ७५. आणि +२ मिळाले तर ९ पडले तरी चालतात, म्हणजे २० पैकी १२ आकडे, ६० टक्के. ७५ चे ६० झाले. आधी प्रत्येक लढाईत सगळ्यात पहिलं काम म्हणजे टेकाड शोधणं आणि वर चढणं. बदलानंतर टेकाड चांगलं, पण त्याच्यासाठी जीव टाकायची गरज नाही. अपडेटमधल्या एका ओळीनं सगळी लढाईची रीत बदलली. ट्रेलरमध्ये मात्र आधी आणि नंतर दोन्हीकडे एक धनुर्धारी उंचावर उभा दिसेल, तोच रुबाब, तीच हवा.

म्हणून म्हणतो, टॅक्टिकल गेमचा जीव आकड्यात असतो आणि आकडे अपडेटमध्ये असतात.

आपल्या पुण्याचे दोन

बाहेरचं खूप झालं. आता आपल्या जिल्ह्यातलं बघू. हो, आपल्या पुण्यात गेम बनतात आणि जगभर जातात.

पहिला 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलू, त्याला पळवून नेणारा महाबलासुर, आणि वरून बघत गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. २०१७ च्या शेवटी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. रक्कम जमली नाही. तिथेच संपलं असतं. पण त्यांच्याकडे नुसता ट्रेलर नव्हता, लोकांना खेळता येईल असा डेमो होता. काम चालू राहिलं आणि १८ ऑगस्ट २०२० ला गेम निन्टेन्डो स्विचवर आला, १५ ऑक्टोबरला पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्याच गेमसाठी असलेल्या गटात त्याला नामांकन मिळालं.

'राजी'चा ट्रेलर आपल्या पद्धतीनं बघा. वर पाळीची रांग नाही. टक्के नाहीत. मुलगी त्रिशूळ फिरवत उड्या मारतेय, भिंतीवरून पळतेय. म्हणजे हा टॅक्टिकल नाही, ॲक्शन आहे. देव, राक्षस, किल्ले बघून कुणी "पाळीपाळीचा गेम असेल" म्हणून घेतला, तर दोष ट्रेलरचा नाही. फँटसी हे कपडे झाले, टॅक्टिकल ही चाल झाली. कपड्यावरून चाल ओळखायला जाऊ नका.

दुसरा 'इंडस'. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा, फोनवरचा बॅटल रॉयल. सिंधू संस्कृती संपलीच नाही, उलट ताऱ्यांपर्यंत पोचली असती तर कशी दिसली असती, अशी त्याची कल्पना. २०२२ मध्ये जाहीर झाला. मला पहिल्यापासून त्यातला एक नियम खुणावत होता. विरलोक नावाच्या बेटावर कॉस्मियम नावाची वस्तू असते आणि शेवटच्या टप्प्यात ती ताब्यात घेतली तरी सामना जिंकता येतो.

थांबा, याचा अर्थ लावू. नेहमीच्या बॅटल रॉयलमध्ये शेवटपर्यंत जिवंत राहणारा जिंकतो. म्हणून गवतात आडवं पडून राहणारे पुष्कळ असतात, तुमच्यातही आहेत, मला माहितीये. इथे जिंकायची दुसरी वाट आहे. तुम्ही गवतात लपलात आणि समोरच्या टोळीनं कॉस्मियम घेतलं, तर तुम्ही जिवंत राहून हरलात. म्हणजे शेवटी लपणाऱ्याला बाहेर पडावंच लागणार. कागदावर हा नियम झकास आहे. पण प्रत्यक्षात लोक कॉस्मियमकडे पळतात की एकमेकांना मारत बसतात, हे ट्रेलर सांगू शकत नाही. ते खेळायला मिळाल्यावरच कळतं.

आणि वेळेचं बघा. जानेवारी २०२३ मध्ये प्ले स्टोअरवर नावनोंदणी उघडली. गेम येईपर्यंत १ कोटीपेक्षा जास्त नोंदणी झाली. गेम सगळ्यांसाठी आला १६ ऑक्टोबर २०२४ ला. नोंदणी केल्यापासून पावणेदोन वर्षांनी. यात फसवलं कुणी नाही. नोंदणी म्हणजे "आला की मला कळवा" एवढंच. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यात तारखेचं वचनही नसतं. पण नोंदणीचं बटण दाबलं की आपल्या डोक्यात घड्याळ सुरू होतं, आणि ते घड्याळ आपण स्वतः लावलेलं असतं.

फोन आणि खिसा

हा मुद्दा खास आपल्यासाठी. ट्रेलर कशावर चित्रित केलाय ते बघा. फोनच्या गेमचा ट्रेलर बऱ्याचदा महागातल्या फोनवर किंवा थेट कॉम्प्युटरवर घेतलेला असतो. आपल्या फोनवर तो तसा पळेलच असं नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी फोन तापला की वेग आणखी पडतो. म्हणून नियम सोपा. गेम येण्याआधी गेमसाठी फोन घ्यायचा नाही. गेम आला, आपल्याच किमतीच्या फोनवर कुणीतरी अर्धा तास खेळून दाखवला, मग ठरवा.

आणि दुसरं, हात जोडून सांगतो. ट्रेलर आला की दोन दिवसांत टेलिग्रामवर 'लीक झालेली एपीके' फिरायला लागते. गेम अजून कंपनीनंच दिला नाही, तर ती फाइल आली कुठून? ज्या फोनवर वडिलांचं यूपीआय आहे, त्यावर असली फाइल टाकू नका. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर सोडून कुठूनही नाही.

माझी वही

आता शेवटचं. मी शंभर पानी वही घेतली. नवीन ट्रेलर आला की एका पानावर तीन रकाने आखतो. पहिला 'दिसलं'. दुसरा 'सांगितलं'. तिसरा 'मला वाटतं'.

'दिसलं' मध्ये फक्त स्क्रीनवर खेळताना दिसलेलं, सोबत मिनिट आणि सेकंद. 'सांगितलं' मध्ये बनवणाऱ्यांनी शब्दांत सांगितलेलं, सोबत तारीख आणि कुठे सांगितलं ते. 'मला वाटतं' मध्ये माझे तारे. अपडेट आला की जुनं पान उघडायचं. तिसऱ्या रकान्यातलं काही खरं ठरलं तर ते पुढे सरकवायचं, खोटं ठरलं तर त्यावर काट मारायची, पण खोडायचं नाही. काट दिसली पाहिजे. कारखान्याच्या काट्यावर गाडी भरलेली मोजतात आणि रिकामी पण मोजतात. मधला फरक तेवढा ऊस. ट्रेलरमधून आपलं मन वजा केलं की उरतो तेवढा गेम.

पहिलं पान मी त्या जुन्या ट्रेलरचंच भरलं. 'दिसलं' मध्ये सहा ओळी. 'सांगितलं' मध्ये दोन. 'मला वाटतं' मध्ये सतरा. त्या सतरामधली एक ओळ होती 'दिवाळी'. ते पान घेऊन मी आतेभावाकडे गेलो. माफी मागायची होती, पण भावाभावांत माफी नीट मागता येत नाही. वही पुढे केली. त्यानं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "दादा, फोन मलाच पायजे होता. तू नुसतं निमित्त झालास." मग जरा थांबून म्हणाला, "पण दोन हजार महिना जड गेलं."

उरलेल्या हप्त्यांपैकी तीन मी भरले. तो नको म्हणत होता, आत्यानं घ्यायला लावले.

तो गेम शेवटी आला. बराच उशिरा आला, ऑनलाइन खेळायची सोय नव्हती आणि हिंदी पण नव्हती. गेम मात्र चांगला होता, हे कबूल करायला पाहिजे. आम्ही दोघं एकाच फोनवर आळीपाळीनं खेळलो, एक पाळी त्याची, एक माझी.

आता नवीन ट्रेलर आला की माझ्याआधी तोच वही मागतो. मागच्या आठवड्यात त्यानं भरलेल्या पानावर तिसरा रकाना अख्खा कोरा होता. म्हटलं, अरे काहीतरी वाटत असेल की! तर म्हणे, "वाटतंय ना. पण भाग तू करणार, लोक तुझं ऐकणार. म्हणून नाय लिहिलं." मी त्याला सांगितलं की लिही. अंदाज बांधण्यातच तर मजा आहे. फक्त तो अंदाज आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे.

तर मंडळी, इथून पुढे माझ्या प्रत्येक भागात हे तीन रकाने वेगवेगळे ऐकायला मिळतील. कुठे मी मिसळले तर लगेच टोका. तुम्ही ज्या गेमची वाट बघताय त्याचं एक पान भरा, फोटो काढा आणि पाठवा. पुढच्या भागात त्यातली तीन पानं घेऊन बसू, भाऊ पण असणार आहे. दूध घालून आला की रेकॉर्डिंग.

भेटू. काळजी घ्या, आणि चार्जिंगला लावून गेम खेळू नका.